कोळशाचं गाव, दुधाचा मुलूख: सातारा-सांगलीहून गिप्सलँडला जाणाऱ्यांसाठी क्रमवार माहिती

इस्लामपूर, पलूस, कराड, फलटण या पट्ट्यातले बरेच आईवडील हल्ली मुलाकडे किंवा लेकीकडे मेलबर्नला दोन-तीन महिने जाऊन राहतात. घरी दावणीला गायी असल्या की तिकडचा गोठा बघण्याची ओढ असतेच. मेलबर्नच्या आग्नेयेला दक्षिण गिप्सलँड हा हिरव्या टेकड्यांचा, दुधाचा मुलूख आहे. त्यातली कोरमबरा आणि वाँथॅगी ही गावं एकेकाळी दगडी कोळशावर उभी होती. कोरमबऱ्याची शेवटची खाण १९५८ मध्ये बंद झाली आणि वाँथॅगीची सरकारी खाण १९६८ मध्ये. आता खाण बघायची आणि आजूबाजूला गायी. एका दिवसात दोन्ही नीट होतं.

मात्र बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. लोक आधी तिकीट काढतात, मग बॅग भरतात, तिकडे पोचल्यावर कधीतरी शनिवारी "चला, एखादा गोठा बघून येऊ" म्हणून निघतात आणि फाटकावरून परत येतात. या सहलीची पहिली पायरी मेलबर्नमध्ये नसते, ती आपल्या गोठ्यात असते. म्हणून क्रम तिथूनच लावला आहे.

## १. महिना ठरवताना: धार चालू आहे का?

आपल्याकडे बारा महिने कुठली ना कुठली गाय दुधात असते. गिप्सलँडमध्ये कित्येक कळप हंगामी वेताचे आहेत. गवत जोमात येतं तेव्हाच दूध जास्त हवं, म्हणून सगळ्या गायी एकाच सुमारास, साधारण जुलै-ऑगस्टच्या पुढे व्यायला आणतात. त्यासाठी मे अखेर ते जून या काळात अख्खा कळप एकदम आटवतात. म्हणजे आपल्याकडे उन्हाळी सुट्टी संपवून जूनमध्ये गेलात, तर धार बघायला मिळेलच असं नाही. काही जण दोन हंगामात वेत घेतात, त्यांच्याकडे मात्र तेव्हाही दूध असतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगला. गवत गुडघाभर, गायी भर दुधात, दिवस मोठा. जुलै-ऑगस्टमध्ये चिखल, बोचरा वारा आणि वेताची धांदल असते. शेतकऱ्याला तेव्हा पाहुणा नको असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माळ पिवळा पडतो, पण पूरक चारा कसा देतात ते तेव्हाच कळतं.

तपासा: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत मेलबर्नचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं, एरवी साडेचार. तिकडच्या शेतकऱ्याला इथून फोन करणार असाल तर हे लक्षात ठेवा. आपल्या दुपारी चारला तो झोपायच्या तयारीत असतो.

## २. निघण्याआधी: आपल्या गोठ्यापासून लांब राहणं

ऑस्ट्रेलियात १८७२ नंतर लाळ्या-खुरकूत आलेली नाही. लम्पीही नाही. आपल्याकडे दोन्ही आहेत. लाळ्या-खुरकुतीचा विषाणू माणसाच्या बुटाला, कपड्याला, हाताला लागून जातो. आपल्या गायींना लस टोचली आहे, बिल्ले आहेत, म्हणून आपण निर्धास्त असतो, पण लसीने तुमच्या चपलेवरचं शेण निर्जंतुक होत नाही.

म्हणून दोन आकडे लक्षात ठेवा.

पहिला ३० दिवस. उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर प्रश्न असतो: गेल्या ३० दिवसांत शेत, शेतातली जनावरं, रानावनाचा भाग, गोड्या पाण्याचे ओढे-तळी यांच्याशी संपर्क आला का? दुधाचा धंदा असलेल्या घरात याचं उत्तर "हो" हेच आहे. "नाही" लिहून सुटू, असं पुष्कळांना वाटतं. खरं उलट आहे. "हो" लिहिलं तर अधिकारी बूट बघतो, दोन प्रश्न विचारतो, गरज पडली तर बूट धुऊन देतो. "नाही" लिहिलं आणि बुटाच्या खाचेत शेण सापडलं तर ते खोटं विधान ठरतं. दंड तर होतोच, व्हिसाही रद्द होऊ शकतो.

दुसरा ७ दिवस. लाळ्या-खुरकूत असलेल्या देशातून आलेल्याने तिथल्या जनावरांपासून किमान सात दिवस लांब राहावं, असा तिथला सरकारी सल्ला आहे. त्यामुळे गोठ्याची भेट पहिल्या आठवड्यात ठेवूच नका. दुसरा आठवडा उजाडू द्या. शेतकरी बहुधा पहिल्याच फोनवर विचारतो की भारतातून कधी आलात. हे उत्तर तयार ठेवा.

आता पायताणाचं. गोठ्यात वापरलेली चप्पल, गमबूट, शेतात घातलेली पँट यातलं काहीही बॅगेत जाऊ देऊ नका. एकच बुटांची जोडी असेल तर अशी धुवा:

- नाड्या आणि आतला तळवा काढून वेगळे धुवा. घाण बहुतेक वेळा तळव्याखाली आणि जिभेच्या मागे राहते.
- तळाच्या खाचा आधी कोरड्याच कोरा. जुनी दात घासायची ब्रश आणि खिळा पुरतो. पाणी आधी घातलं की माती खाचेत चिकटून बसते.
- मग साबणाच्या पाण्याने घासा, धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा.
- धुतल्यावर ते बूट घालून दारातल्या गोठ्याकडे "शेवटचं एकदा" जाऊ नका. निघताना गायीच्या पाठीवर हात फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. फिरवायचाच तर चप्पल घालून, जुन्या कपड्यांत, आंघोळीच्या आधी.

## ३. बॅगेतून काढायच्या गोष्टी

साताऱ्याचे कंदी पेढे, खवा, बर्फी, दुधाची मिठाई, घरचं दह्याचं विरजण: यातलं काही नेऊ नका. लाळ्या-खुरकूत असलेल्या देशातल्या दुधाच्या पदार्थांवर तिकडे कडक बंधनं आहेत. "सीलबंद डबा आहे", "दुकानाचं बिल आहे" ही सबब चालत नाही. लेकीच्या बाळंतपणाला जाताना डिंकाचे लाडू नेण्याचा आग्रह असतो. साहित्य मेलबर्नच्या भारतीय दुकानांत मिळतं, लाडू तिकडेच वळा.

बियाणं नको. शेवग्याच्या बिया, मेथीघासाचं बी, परसातल्या भाज्यांचं बी, काहीच नको. गोमूत्र, गोवरीची राख, शेणाच्या पणत्या देव्हाऱ्याच्या पिशवीत नकळत राहतात. ती पिशवी निघण्याच्या आदल्या रात्री पूर्ण उलटी करून बघा.

सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, चटण्या, आयुर्वेदिक औषधं न्यायची असतील तर बाजारातल्या मूळ पाकिटात न्या, सगळं एका पिशवीत वरच ठेवा आणि कार्डावर "हो" करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, तेवढ्यावर भागतं. लपवलेली सापडली तर दंड.

## ४. गोठ्याची परवानगी

आपल्याकडे ओळख नसली तरी "पाव्हणं, या की" म्हणतात. तिकडे रस्त्यालगतच्या फाटकावर रोगप्रतिबंधाची पाटी असते: आत येण्याआधी फोन करा. ही पाटी शोभेची नाही. विनापरवाना आत गाडी घालणं ही या सहलीतली सगळ्यात महाग चूक.

वाट अशी धरा. तीन-चार आठवडे आधी मुलामार्फत ईमेल करा. गिप्सडेअरी ही त्या भागातल्या दूध उत्पादकांसाठी काम करणारी संस्था आहे. तिथे विचारता येतं, किंवा मुलाच्या ओळखीतल्या पशुवैद्यकामार्फत. ईमेलमध्ये पुढच्या गोष्टी हव्यातच:

- किती माणसं, त्यात लहान मुलं किती. चारच्या वर नेऊ नका.
- भारतातून उतरल्याची तारीख आणि त्यानंतर तिकडे कुठल्या गोठ्यावर गेलात का.
- स्वतःचा गोठा केवढा, कुठल्या जातीच्या गायी. "आम्ही पण दूध उत्पादक, १२ एचएफ गायी" या एका ओळीने उत्तर येण्याची शक्यता पुष्कळ वाढते.
- नेमकं काय बघायचंय: धार, चाऱ्याचं नियोजन, वासरं. "सगळं" लिहू नका.
- तासाभरापेक्षा जास्त वेळ घेणार नाही, हे.

सावध: व्हिजिटर व्हिसावर काम करायला मनाई असते. "आठवडाभर तुमच्याकडे राहून मदत करतो" हे प्रेमाने लिहिलेलं वाक्य दोघांनाही अडचणीत आणतं.

## ५. दिवसाचा क्रम आणि रस्ता

सकाळी वाँथॅगीची खाण, दुपारी कोरमबरा, साडेतीनच्या सुमाराला गोठा, मग परत. क्रम उलटा केला तर पहाटेची धार गाठायला साडेतीनला उठावं लागतं. शिवाय गोठ्यातल्या शेणाच्या बुटांनी दिवसभर फिरावं लागतं.

मेलबर्नहून मोनॅश फ्रीवे, तिथून साउथ गिप्सलँड फ्रीवे आणि पुढे साउथ गिप्सलँड हायवे. लँग लँगच्या पुढे फाटा येतो. उजवीकडचा बास हायवे फिलिप आयलंड आणि वाँथॅगीकडे जातो, डावीकडचा लॉक या गावावरून कोरमबऱ्याकडे. सकाळी उजवीकडे जा, संध्याकाळी दुसऱ्या रस्त्याने या. वाँथॅगीला मेलबर्नहून दोन तास धरा. वाँथॅगी ते कोरमबरा वळणाच्या रस्त्याने पाऊण तास.

नकाशात नुसतं "गिप्सलँड कोळसा खाण" टाकलं की मॉरवेल-ट्रॅरलगनकडे नेतं. ती लॅट्रोब खोऱ्यातली तपकिरी कोळशाची उघडी खाण. रस्ता वेगळा, कोळसाही वेगळा. पत्ता टाकताना "स्टेट कोल माईन, वाँथॅगी" असाच टाका.

गाडी कोण चालवणार? आपलं महाराष्ट्राचं लायसन्स इंग्रजीत असतं आणि व्हिजिटर व्हिसावर व्हिक्टोरियात (मेलबर्न आणि गिप्सलँड याच राज्यात येतात) आल्यापासून सहा महिने चालतं. मूळ कार्ड जवळ ठेवा, मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका. आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवायचं. चूक होते ती गोल चौकात: आत आधीच फिरत असलेल्या गाडीला वाट द्यायची, हॉर्न देऊन घुसायचं नाही. मागच्या सीटवरही पट्टा लागतो. काळोख पडताना कांगारू आणि वाँबॅट रस्त्यावर येतात, त्यामुळे परतीला वेग कमी ठेवा.

गाडी नसेल तर व्ही-लाईन या राज्याच्या वाहतूक सेवेची बस आहे, पण कोरमबऱ्याची आणि वाँथॅगीची बस वेगवेगळ्या मार्गांवर धावते. बसने एका दिवसात दोन्ही गावं आणि गोठा बसवायला जाऊ नका, एकच गाव निवडा.

## ६. वाँथॅगी: खाणीत उतरताना

वरचं आवार बघायला फारशी तयारी लागत नाही. भुयारी फेरी मात्र गाइडबरोबरच होते, दिवसातून मोजक्या वेळा, आणि देखभालीसाठी ती मधूनमधून बंदही असते. म्हणून खाण सांभाळणाऱ्या पार्क्स व्हिक्टोरिया या सरकारी संस्थेकडे त्या दिवसाचं बुकिंग झाल्याशिवाय घरून निघू नका. वयाची अट, गुडघ्याचं दुखणं, दम्याचा त्रास याबद्दल बुकिंग करतानाच विचारा. वाट उताराची आहे आणि छत ठिकठिकाणी खाली येतं. इथले कोळशाचे थर पातळ, त्यामुळे खाणकामगार वाकून काम करायचे. साठीपुढच्या माणसाने आदल्या दिवशी घरातला जिना तीनदा चढून-उतरून बघावा आणि मग ठरवावं.

पायात बंद बूट हवेत. चप्पल, सँडल चालत नाही. साडीऐवजी पंजाबी ड्रेस बरा, ओढणी घरी ठेवा. वर कितीही ऊन असलं तरी खाली गार असतं, स्वेटर घ्या. हेल्मेट आणि दिवा तिकडे देतात. काडेपेटी, लायटर गाडीत ठेवा. तंबाखूची डबीही वरच राहू द्या, खाली थुंकायला जागा नाही.

हेल्मेटचा पट्टा सैल ठेवून लोक मान वर करतात आणि लाकडी आधारावर डोकं आपटतं. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जाईल इतका आवळा. पुढच्याकडे बघून न चालता पुढच्या छताकडे बघून चाला.

एका ठिकाणी गाइड थांबून १५ फेब्रुवारी १९३७ च्या स्फोटाबद्दल सांगू शकतो. २० नंबरच्या शाफ्टमध्ये (खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीत) १३ जण गेले. गावात त्यांची घरं आजही आहेत, तेव्हा तेवढा वेळ भाषांतराची कुजबुज थांबवा.

## ७. कोरमबरा: जेवण आणि कोल क्रीक

गावाकडची स्वयंपाकघरं दुपारी दोनच्या सुमाराला बंद होतात. त्यानंतर बेकरीतला 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ) मिळतो आणि तो बहुधा मांसाचा असतो. शाकाहारी असाल तर धपाटे, दशम्या घरून बांधून न्या आणि गोठ्यावर जाण्याआधी संपवा.

कोल क्रीक हे जुन्या खाणगावाचं उघड्यावरचं संग्रहालय. ते आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, दिवस आधी बघा. दीड तास पुरे. वाँथॅगीला खरी खाण बघून झाली असेल तर इथे सोंगाची खाण सोडून दुकानं, शाळा, लोहारशाळा बघा. वेळ कमी पडला तर कापायची जागा हीच.

## ८. गोठ्यावर

वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचा, अर्धा तास आधी नको. गाडी कुठे लावायची ते फोनवर विचारून घ्या. दुधाचा टँकर वळतो ती गोलाकार जागा रिकामीच दिसते आणि नवखा माणूस नेमकी तिथेच गाडी लावतो.

बूट शेतकरी देईल. आपले धुतलेले असले तरी त्याचेच घाला. औषधाच्या टबात पाय नुसता बुडवून काढू नका. आधी ब्रशने चिखल काढा, मग बुडवा. चिखलावर औषध काम करत नाही.

फाटक जसं होतं तसंच सोडायचं. उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं. सभ्यपणाने उघडं फाटक लावून टाकलं की धारेला येणारा कळप अडतो. कुंपणाच्या तारेत झटक्याचा प्रवाह असतो. तार ओलांडताना हात लावून बघू नका, मुलांचे हात धरा.

धारेच्या वेळी दोनशे-तीनशे गायी एका रांगेत येतात. त्या नेहमीच्या माणसांना सरावलेल्या असतात, आपल्या दावणीच्या गायीसारख्या पाव्हण्यांना नाही. तोंडाशी चार माणसं उभी राहिली की पहिली गाय थबकते, मागची रांग तुंबते, बिचकलेल्या गायी शेण टाकतात आणि धार लांबते. म्हणून शेतकरी दाखवेल तिथेच उभं राहा, छत्री उघडू नका, मोठ्याने हाका मारू नका. फिरत्या चबुतऱ्याची यंत्रणा असेल तर गाय चढते तिथे नव्हे, उतरते त्याच्या पलीकडच्या बाजूला उभं राहिलं की सगळं दिसतं. कास धुणं, कप लावणं, ते आपोआप निघणं, शेवटी सडांवर औषधाचा फवारा असा क्रम बघा. आपल्याकडे दगडीने (कासेच्या सुजेने) गायी हातच्या जातात, त्यात या शेवटच्या फवाऱ्याच्या आळसाचा वाटा मोठा आहे.

हे करू नका: वासराच्या तोंडात बोट घालणं, धारोष्ण दूध मागणं (माणसांना पिण्यासाठी कच्चं गायीचं दूध विकायला तिकडे बंदी आहे), उरलेला डबा कुत्र्याला किंवा डुकरांना घालणं. गरोदर बाईने वेताच्या कुरणाकडे जाऊ नये, क्यू फीव्हर या जनावरांकडून माणसाला होणाऱ्या आजाराची भीती असते.

## ९. दराचं विचारताना

"लिटरला किती मिळतात?" हा पहिला प्रश्न असतो आणि उत्तर कोड्यात टाकतं, कारण तिकडे दर लिटरवर नाही. फॅट आणि प्रोटीन यांच्या किलोवर आहे. आपल्या ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफची (फॅट सोडून दुधातलं बाकीचं घन) बेरीज करून १२ टक्के घन धरणं ही ठरलेली चूक. एसएनएफमध्ये दुधातली साखर आणि क्षारही येतात, तिकडच्या हिशेबात त्यांना पैसे नाहीत.

हिशेब असा. समजा दूध ४.० फॅट आणि ३.३ प्रोटीनचं, म्हणजे ७.३ टक्के. एक लिटर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो. म्हणून लिटरमागे ७५ ग्रॅम, आणि एक किलो घनाला सुमारे १३.३ लिटर दूध. किलोला ९ डॉलर दर मानला तर लिटरला ६८ सेंट पडतात. (९ हा आकडा फक्त गणितापुरता. चालू दर त्यांनाच विचारा.)

दुसरा चांगला प्रश्न कराराचा. १ जानेवारी २०२० पासून तिकडे दूध संहिता लागू आहे. तिच्यानुसार खरेदीदार कंपन्यांना दरवर्षी १ जूनला किमान दरासह करार जाहीर करावा लागतो. दहा दिवसांच्या बिलात दर खाली आलेला बघणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. चारा किती विकत घ्यावा लागतो, एका माणसामागे किती गायी, पाण्याचा साठा किती, हे नंतर विचारा. कर्जाबद्दल विचारू नका.

फोटो काढण्याआधी विचारा. कामगारांचे चेहरे टाळा.

## १०. परतताना

तिथून निघताना बूट पुन्हा ब्रशने आणि औषधाने धुऊन परत द्या. त्या दिवशीचे कपडे वेगळ्या पिशवीत घाला आणि घरी गेल्यावर गरम पाण्यात धुवा. त्याच आठवड्यात दुसरा गोठा बघायचा असेल तर त्या शेतकऱ्याला पहिल्या भेटीबद्दल आधी सांगा.

भारतात येताना रायग्रासचं बी खिशात घालून आणण्याची इच्छा होते. परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्राशिवाय परदेशी बियाणं आणता येत नाही. आणलंच, तरी ते थंड हवेचं गवत आहे, पलूस-वाळव्याच्या एप्रिलात करपून जाईल. त्यापेक्षा कुरणाचे भाग कसे पाडले होते, किती दिवसांनी गायी त्याच तुकड्यात परत येतात आणि गवत किती पानांवर आलं की सोडतात, हे वहीत लिहून आणा. घासाच्या किंवा नेपियरच्या वाफ्यांची कापणी फिरवताना तेच उपयोगी पडतं.